प्रत निघाली, पण कुलूप कुठे गेले?

प्रश्नपत्रिका परीक्षेच्या दिवसापर्यंत मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात कुलूपबंद असते. समजा, कोणी ती बाहेर काढून तिची झेरॉक्स काढली आणि मूळ कागद पुन्हा कपाटात ठेवला. झेरॉक्समध्ये सगळे प्रश्न जसेच्या तसे उतरले, एक काना-मात्राही चुकली नाही. पण ही प्रत आता टेबलावर पडली आहे. कुलूप होते ते कपाटाला, कागदाला नव्हे. त्यामुळे मजकुराची प्रत निघाली, तरी कुलपाची निघाली नाही.

संगणकातील फायलींची प्रत काढताना बरेचदा असेच घडते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेच्या संगणक कक्षासाठी बॅकअपची स्क्रिप्ट लिहून दिली होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी. रोज रात्री सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची, एवढेच तिचे काम. पुढे एक दिवस मूळ डिस्क बिघडली. नवी डिस्क बसवून आम्ही बॅकअपमधून सर्व फायली परत आणल्या आणि समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकांना आपापली फोल्डरे दिसत होती, पण उघडत नव्हती. वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटे उरली होती. घाईघाईत आम्ही एका आज्ञेने सर्वांना सर्व फायली खुल्या करून दिल्या. काम सुरू झाले. दोन दिवसांनी नववीतील एका विद्यार्थ्याने आपण होऊन सांगितले, ‘सर, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका आम्हालाही दिसतेय.’

मजकुरातले एक अक्षरही हरवले नव्हते. हरवली होती ती कोणी काय उघडायचे याची नोंद. ही नोंद संगणकात कुठे असते, प्रत काढताना ती का सुटते आणि ती सोबत कशी न्यायची, हे या लेखात पाहू. उदाहरण लिनक्सचे घेतले आहे. आज्ञांची नावे आपण येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहू. संगणकावर मात्र ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

हजेरीपट आणि जनरल रजिस्टर

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स ही संगणकप्रणाली घडवायला सुरुवात केली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सने फायली ठेवण्याची युनिक्सचीच पद्धत स्वीकारली. एका मोठ्या संगणकावर अनेकांनी काम करायचे, हे युनिक्समध्ये गृहीतच होते. साहजिकच ‘ही फाइल कोणाची?’ आणि ‘ती कोणी पाहायची?’ हे प्रश्न तेव्हापासूनच सोडवावे लागले.

शाळेतील हजेरीपटात विद्यार्थ्याचे नाव आणि रजिस्टर क्रमांक असतो. जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस, पालकांचे नाव हा तपशील जनरल रजिस्टरमध्ये त्या क्रमांकासमोर सापडतो. युनिक्सची रचना अगदी अशीच आहे. फोल्डर हा हजेरीपट आहे. त्यात फायलीचे नाव आणि एक क्रमांक एवढेच लिहिलेले असते. बाकी सर्व तपशील त्या क्रमांकाच्या नोंदीत असतो. या नोंदीला ‘आयनोड’ म्हणतात. फाइल किती मोठी आहे, तिच्या मालकाचा क्रमांक काय, गटाचा क्रमांक काय, ती शेवटची कधी बदलली, मजकूर डिस्कवर कोणत्या जागी आहे आणि कोणाला काय करण्याची परवानगी आहे, हे सारे आयनोडमध्ये असते.

म्हणजे ज्याला आपण ‘फाइल’ म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एक मजकूर आणि दुसरी त्या मजकुराबद्दलची नोंद. परवानग्या मजकुरात नसतात, नोंदीत असतात. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

नऊ बिटांचे गणित

परवानगी तीन प्रकारची असते: वाचणे, लिहिणे आणि चालवणे. ती तीन प्रकारच्या लोकांसाठी वेगवेगळी ठरवता येते: मालक, गट आणि इतर सर्व. तीन त्रिक नऊ प्रश्न झाले. प्रत्येकाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, म्हणजे १ किंवा ०. नऊ बिटांत सगळी हकिकत मावते आणि २ चा नववा घात, म्हणजे ५१२ वेगवेगळे संच तयार होतात.

ही नऊ बिटे लिहायची सोपी रीत अशी. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे गुण द्यायचे आणि प्रत्येक गटाची बेरीज करायची. मालकाला वाचणे-लिहिणे म्हणजे ४ + २ = ६. गटाला फक्त वाचणे म्हणजे ४. इतरांना काहीच नाही म्हणजे ०. या फायलीची परवानगी झाली ६४०. गुण ४, २, १ असेच का? कारण ते २ चे घात आहेत. त्यामुळे ० ते ७ यांपैकी कोणतीही बेरीज एकाच प्रकारे मिळते. ५ दिसले की ते ४ + १ च असणार, दुसरा पर्याय नाही. गुण ३, २, १ असे दिले असते, तर ३ ही बेरीज ‘वाचणे’ दाखवते की ‘लिहिणे आणि चालवणे’, हे कळले नसते. द्विमान आणि अष्टमान पद्धती शिकवताना वर्गात सांगण्याजोगे हे उदाहरण आहे.

फोल्डरच्या बाबतीत याच तीन परवानग्यांचे अर्थ थोडे बदलतात. वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे. लिहिणे म्हणजे त्या यादीत नाव घालणे किंवा काढणे. चालवणे म्हणजे त्या फोल्डरमधून आत जाणे. फाइल पुसता येणे हे फायलीच्या नव्हे, तर ती ज्यात आहे त्या फोल्डरच्या परवानगीवर ठरते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पण हजेरीपटाची उपमा आठवली की ते पटते. पुसणे म्हणजे हजेरीपटातून नाव काढणे.

प्रत काढताना नेमके काय घडते?

फाइल कॉपी करण्याची साधी आज्ञा म्हणजे ‘सीपी’. ती पुढील क्रमाने काम करते. मूळ फाइल वाचण्यासाठी उघडते. दुसऱ्या जागी एक नवी, रिकामी फाइल तयार करते. मग मूळ फायलीतून थोडा थोडा मजकूर वाचून तो नव्या फायलीत लिहिते. शेवटी दोन्ही बंद करते.

यातील दुसरी पायरी महत्त्वाची आहे. नवी फाइल म्हणजे नवा आयनोड, म्हणजेच रजिस्टरमध्ये नवी नोंद. या नव्या नोंदीत मालक म्हणून कोणाचे नाव लागेल? मूळ मालकाचे नाही, तर ज्याने आज्ञा दिली त्याचे. आमची स्क्रिप्ट ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून चालत होती. त्यामुळे बॅकअपमधील प्रत्येक फायलीचा मालक रूट झाला. शिक्षकांच्या फोल्डरची परवानगी ७०० होती, म्हणजे सर्व काही फक्त मालकाला. परत आणल्यावरही ती ७०० च राहिली, पण मालक बदलला होता. कुलूप तेच होते, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात गेली होती. सकाळी फोल्डरे उघडली नाहीत ती यामुळे. त्यावर आम्ही सर्वांना ७७७ ही परवानगी देऊन टाकली, म्हणजे किल्ली शोधण्याऐवजी दारच काढून ठेवले.

परवानगीचे आकडे तरी नेहमी तसेच राहतात का? तेही नाही. साधी ‘सीपी’ मूळ फायलीचे आकडे घेते, पण त्यांना एका चाळणीतून गाळते. या चाळणीचे नाव ‘यूमास्क’. नव्या फायलीतून कोणती परवानगी काढून टाकायची, हे ती सांगते. बऱ्याच संगणकांवर ती ०२२ असते, म्हणजे गटाची आणि इतरांची ‘लिहिण्याची’ परवानगी काढून टाकायची. समजा, विज्ञान विभागाच्या चार शिक्षकांनी मिळून भरायचा गुणतक्ता ६६० परवानगीचा आहे. साध्या ‘सीपी’ने त्याची प्रत काढली तर ती ६४० होईल. मालकाखेरीज उरलेल्या तीन शिक्षकांना त्यात लिहिता येणार नाही.

हे गाळणे म्हणजे वजाबाकी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ६६६ मधून ०३३ गाळले तर वजाबाकीने ६३३ येईल, पण खरे उत्तर ६४४ आहे. ६ म्हणजे द्विमानात ११० आणि ३ म्हणजे ०११. चाळणीत ज्या जागी १ आहे, त्या जागी उत्तरात ० लिहायचा, बाकी जागा तशाच ठेवायच्या. उत्तर येते १००, म्हणजे ४. जी परवानगी मुळातच नाही, ती काढून टाकता येत नाही.

आणखी एक बारकावा. दुसऱ्या रात्री स्क्रिप्ट चालते तेव्हा बॅकअपच्या जागी कालची प्रत आधीच असते. अशा वेळी साधी ‘सीपी’ नवी नोंद करत नाही. जुन्याच फायलीतील मजकूर पुसून त्यात नवा मजकूर लिहिते. त्यामुळे एखाद्या शिक्षकाने दुपारी आपली फाइल ६४४ ची ६०० केली, तरी बॅकअपमधील प्रत ६४४ च राहते. मजकूर आजचा आणि परवानगी कालची, अशी ती विचित्र प्रत असते.

नोंदही सोबत न्यावी कशी?

उपाय अवघड नाही. नोंदही उतरवून घे, असे संगणकाला स्पष्ट सांगावे लागते. ‘सीपी’ला ‘-पी’ हा पर्याय जोडला की ती मजकूर लिहून झाल्यावर नव्या फायलीवर मूळ परवानग्या, मालक, गट आणि वेळा चढवते. संपूर्ण फोल्डरसाठी लिनक्सवर ‘-ए’ हा पर्याय अधिक सोयीचा आहे. त्यात आतील सर्व फोल्डरे, दुवे आणि ही सारी नोंद येते.

रोजच्या बॅकअपसाठी ‘आरसिंक’ हा प्रोग्राम अधिक वापरला जातो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तो १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. बदललेलाच भाग पाठवायचा, हे त्याचे वैशिष्ट्य. यातही ‘-ए’ हा पर्याय परवानग्या, मालक, गट आणि वेळा जपतो. पण एकाच फायलीला दोन नावे असतील तर तो संबंध, तसेच नऊ बिटांपलीकडची परवानग्यांची विस्तृत यादी, या गोष्टी ‘-ए’मध्ये येत नाहीत. त्यासाठी मोठ्या अक्षरांतील ‘एच’, ‘ए’ आणि ‘एक्स’ हे पर्याय वेगळे द्यावे लागतात.

तिसरे साधन जुने आहे. ‘टार’ हा प्रोग्राम १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. चुंबकीय टेपवर फायली साठवण्यासाठी तो होता आणि त्याचे नावही टेपवरूनच पडले. ‘टार’ अनेक फायलींचे एक गाठोडे बांधतो. प्रत्येक फायलीच्या मजकुराआधी तो ५१२ बाइटचा एक मथळा लिहितो आणि त्यात फायलीचे नाव, परवानगीचे अष्टमान आकडे, मालकाचा व गटाचा क्रमांक, आकार आणि वेळ नोंदवतो. नोंद मजकुरालाच बांधली गेल्यामुळे गाठोडे कुठेही नेले तरी ती सुटत नाही. गाठोडे सोडताना मात्र ‘-पी’ हा पर्याय द्यावा, नाहीतर सामान्य खात्यात पुन्हा यूमास्कची चाळणी लागते.

येथे एक अट आहे. फाइल दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अधिकार लिनक्समध्ये फक्त रूटला असतो. सामान्य वापरकर्त्याने ‘सीपी -पी’ दिली, तर परवानगीचे आकडे आणि वेळा जपल्या जातील, पण मालक तो स्वतःच राहील. म्हणून अनेकांच्या फायलींचा बॅकअप घेणे आणि तो परत आणणे, ही दोन्ही कामे रूट खात्यातूनच करावी लागतात.

नोंद ठेवायला जागाच नसेल तर?

शाळेत बॅकअप पुष्कळदा पेनड्राइव्हवर घेतला जातो. पेनड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅट या पद्धतीने आखलेले असतात. या पद्धतीत मालक, गट आणि नऊ बिटे लिहायला रकानेच नाहीत. ज्या रजिस्टरमध्ये जन्मतारखेचा रकानाच छापलेला नाही, त्यात ती लिहिणार कुठे? ‘सीपी -ए’ असो की ‘आरसिंक -ए’, तेथे दोघांचाही नाइलाज होतो. अशा पेनड्राइव्हवरील सर्व फायलींना लिनक्स एकच मालक आणि सरसकट एकच परवानगी दाखवतो. त्या परत आणल्या की तीच सरसकट परवानगी त्यांना चिकटते.

यावर मार्ग म्हणजे गाठोडे. प्रथम ‘टार’ने एकच फाइल बनवावी आणि ती पेनड्राइव्हवर ठेवावी. पेनड्राइव्हच्या दृष्टीने ती एक साधी फाइल आहे. आतील नोंदी सुरक्षित राहतात. मात्र फॅटच्या ३२ बिटांच्या प्रकारात एका फायलीचा आकार ४ गिगाबाइटपर्यंत पोहोचू शकत नाही, हे लक्षात ठेवून गाठोडी लहान बांधावीत.

अडचण आणखी एका ठिकाणी येते. आयनोडमध्ये मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. १००३ हा क्रमांक कोणाचा, हे प्रत्येक संगणक आपल्या वेगळ्या यादीत पाहतो. जुन्या संगणकावर १००३ म्हणजे गणिताच्या शिक्षिका असतील आणि नव्या संगणकावर तोच क्रमांक एखाद्या विद्यार्थ्याला मिळाला असेल. म्हणून नवा संगणक उभारताना खाती आणि त्यांचे क्रमांक पूर्वीप्रमाणेच ठेवणे उत्तम. ‘टार’ आणि ‘आरसिंक’ शक्य तेथे नावावरून जुळवणी करतात. क्रमांकच कायम ठेवायचे असतील तर त्यांना तसे वेगळे सांगावे लागते.

विंडोजमध्ये रचना निराळी असली तरी धडा तोच आहे. तेथे एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फायलीसोबत परवानग्यांची यादी असते. साधी कॉपी केली की नव्या फायलीला तिच्या नव्या फोल्डरच्या परवानग्या लागू होतात. जुन्या परवानग्या न्यायच्या असतील तर ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा ‘कॉपीऑल’ या पर्यायासह वापरावी लागते.

वर्गात करून पाहण्यासारखे

लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर हा प्रयोग पाच-दहा मिनिटांत होतो. सामान्य खात्यात ‘यूमास्क ०२२’ अशी आज्ञा द्यावी. एक छोटी फाइल करून ‘सीएचमॉड’ने तिची परवानगी ६६० करावी. दोन-तीन मिनिटे थांबून तिची एक प्रत साध्या ‘सीपी’ने आणि दुसरी ‘सीपी -पी’ने काढावी. आता ‘एलएस -एल’ ही आज्ञा देऊन तिन्ही फायलींच्या ओळी शेजारी शेजारी पाहाव्यात. पहिल्या प्रतीची परवानगी ६४० झालेली आणि वेळ आताची दिसेल. दुसऱ्या प्रतीत दोन्ही मुळाप्रमाणे असतील. संगणक नसेल तर कागदावर हा प्रश्न सोडवायला द्यावा: ६६६ मधून ०२७ गाळल्यावर काय उरेल? (उत्तर: ६४०.)

शाळेच्या बॅकअपचीही अशीच परीक्षा घ्यावी. बॅकअप एका रिकाम्या फोल्डरमध्ये परत आणावा. मूळ आणि परत आणलेल्या फायलींच्या परवानगी, मालक, गट आणि नाव अशा याद्या ‘फाइंड’ने काढाव्यात आणि त्या दोन याद्या ‘डिफ’ने ताडून पाहाव्यात. ज्या फायली मधल्या काळात बदलल्या नाहीत, त्यांच्या ओळी जुळल्या तर बॅकअप ठीक आहे. आम्ही ही तपासणी केली असती तर आमची चूक डिस्क बिघडण्याच्या कितीतरी आधी सापडली असती. आम्ही फक्त फायलींची संख्या आणि आकार पाहिला होता. दोन्ही बरोबरच होते.

शेवटी, परवानग्या अचूक जपल्या तरी एक गोष्ट विसरून चालणार नाही. नऊ बिटांचा हुकूम प्रत्यक्षात पाळून घेते ती संगणकप्रणाली. बॅकअपची डिस्क कोणी काढून आपल्या घरच्या संगणकाला जोडली, तर तेथील रूट तो स्वतः असतो आणि त्याला प्रत्येक फाइल वाचता येते. त्यामुळे विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते आणि प्रश्नपत्रिका असलेली डिस्क सांकेतिक रूपात साठवावी. ते जमत नसेल तर निदान ती टेबलावर ठेवू नये. मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाट त्यासाठीही उपयोगी आहे.